दहा मिनिटं पुढे

मी एक जुनं, किल्लीचं, गजराचं घड्याळ आहे. डोक्यावर दोन घंट्या, त्यांच्यामध्ये इवलासा हातोडा, पाठीवर दोन किल्ल्या आणि पोटात अखंड टिकटिक, एवढाच माझा संसार. मित्रांनो, तुमच्या घरी आता मोबाईलच सगळ्यांना उठवतो, त्यामुळे माझ्यासारख्याला तुम्ही कदाचित पाहिलंही नसेल. मी पाथर्डी तालुक्यातल्या तिसगावात राहतो, चांगुणाबाईंच्या घरी, मोरीजवळच्या फळीवर, आरशाच्या शेजारी. आज मी अगदी बरोबर वेळ दाखवतो. तुम्ही म्हणाल, घड्याळाने बरोबर वेळ दाखवली तर त्यात काय मोठं? पण मी तेहतीस वर्षं चुकीची वेळ दाखवत होतो, आणि त्यापायी एका भल्या बाईचा चेहरा भाजला. तीच हकीकत मला सांगायची आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला, पण तिथलं मला फारसं आठवत नाही. आठवते ती नगरच्या बाजारातल्या दुकानाची काच. त्या काचेआड मी आणि माझी भावंडं ओळीने उभे होतो. एके दिवशी एक गवंडी आत आला. त्याच्या हाताच्या रेषांत सिमेंट बसलेलं होतं. त्याने आम्हा सगळ्यांना एकेक करून वाजवून बघितलं आणि मला उचललं, कारण माझा आवाज सगळ्यांत कर्कश होता. आयुष्यात माझं पहिलं कौतुक झालं ते असं.

त्या गवंड्याचं नाव कचरू. गावात सगळे त्यांना कचरू मिस्त्री म्हणत. त्यांच्या बायकोला, म्हणजे आमच्या चांगुणाबाईंना, त्याच आठवड्यात अंगणवाडी सेविकेची ऑर्डर आली होती. अंगणवाडी घरापासून वीस मिनिटांच्या वाटेवर, एका वस्तीवर होती. मिस्त्रींनी मला फळीवर ठेवलं, किल्ली दिली आणि माझे काटे मुद्दाम दहा मिनिटं पुढे सरकवले.

"आवो, ह्ये काय करता?" बाईंनी विचारलं.

"धा मिंटं म्होरं ठेवतो. तू जाऊस्तोवर पोरं कुलपाम्होरं उन्हात हुभी राह्याला नको."

"म्हंजी मी घरातल्या घरात फसायचं व्हय?"

"फस की. पोरं तर न्हाई ना फसनार," मिस्त्री म्हणाले.

मला थोडा राग आला होता. घड्याळाच्या जातीला चुकीची वेळ दाखवणं म्हणजे तोंडाला काळं फासून घेणं. पण दुसऱ्या दिवशी बाई माझ्याकडे बघून धावत निघाल्या आणि वस्तीवर पोहोचल्या तेव्हा दारात एकही पोर उभं नव्हतं. संध्याकाळी त्या मिस्त्रींना हे हसत हसत सांगत होत्या, तेव्हा माझा राग गेला. तेहतीस वर्षांत त्या कुलपापुढे कुणाचं लेकरू उन्हात उभं राहिलं नाही. त्यातला थोडा वाटा माझा आहे, असं मी मानतो.

घरात सगळ्यांना ठाऊक होतं की मी पुढे आहे. मिस्त्रींना, बाईंना, त्यांची मुलगी सायली हिलाही. माझ्याकडे बघायचं आणि मनातल्या मनात दहा वजा करायचे, ही त्या घराची रीत पडून गेली होती. पाहुणे मात्र फसत. एकदा तर एक पाहुणे चहा अर्धा टाकून एसटीसाठी पळाले होते.

बाईंचं काम उन्हातलं होतं. पोलिओचा डोस पाजायला दारोदार जायचं, गरोदर बायांच्या नोंदी घ्यायच्या, वजनकाटा खांद्याला लावून मळ्यामळ्यांतून फिरायचं. प्रत्येक गोष्ट त्या रजिस्टरात लिहीत. अक्षर असं की वाचणाऱ्याला शंका येऊ नये. इंजेक्शन घेतल्यावर लेकराला ताप आला की आया घाबरायच्या. बाई त्यांना सांगायच्या, "थोडं दुखतंच. दुखलं म्हंजी लागू पडलं." हे वाक्य त्यांच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की स्वतःच्या दुखण्यालाही त्या तेच सांगत.

उन्हाने त्यांच्या दोन्ही गालांवर वांगाचे काळपट डाग उठले. आधी बोटाएवढे, मग पानाएवढे. एकदा अंगणवाडीतल्या एका मुलीने पाटीचं फडकं थुंकीत भिजवून त्यांच्या गालावर घासलं होतं. "बाई, तुमच्या तोंडाला काय लागलंय, निगंना," असं ती म्हणाली. बाई तिथे हसल्या. घरी येऊन मात्र त्या माझ्या शेजारच्या आरशासमोर बराच वेळ उभ्या होत्या. त्या दिवसापासून कुठलाही फोटो काढायचा झाला की बाईंचा पदर गालावर यायचा. मी हे कितीदा तरी पाहिलं आहे.

पाच वर्षांपूर्वी मिस्त्री आजारात गेले. त्यानंतर घरात मोबाईल बोलू लागला आणि माझं महत्त्व कमी झालं. फळीवर साबणाच्या वड्या, कंगवे, फेसपावडरचा डबा यांच्यात मला जागा करून घ्यावी लागे. घंट्यांवर धूळ बसली. पण रात्री निजण्याआधी बाई मला किल्ली द्यायला एकदाही विसरल्या नाहीत, आणि माझे काटेही त्यांनी कधी मागे घेतले नाहीत. मिस्त्रींनी लावलेले काटे होते ना ते.

पासष्टावं वर्ष लागलं तशी बाईंच्या निवृत्तीची तारीख ठरली. वस्तीवरच्या लोकांनी सत्कार करायचं ठरवलं. त्यांच्या जागी येणारी मोनिका नावाची तरुण सेविका उत्साहाची होती. तिने सांगून टाकलं की सत्काराचा फोटो मोठा करून अंगणवाडीच्या भिंतीवर लावायचा. बाई हो म्हणाल्या. पण त्या रात्री मला किल्ली देता देता त्या आरशाला म्हणाल्या, "भितीवरला फोटू हाय. कायमचा. त्यात तरी पदर नको." इतक्या वर्षांत स्वतःसाठी म्हणून त्यांनी मागितलेली ती पहिली गोष्ट.

सायली नगरला एका कातडीच्या डॉक्टरबाईंकडे नर्स आहे. ती आईला तिथे घेऊन गेली. डॉक्टरबाईंनी आधी विचारलं, घरी काय काय लावता? बाईंनी पिशवीतून शेजारणीने दिलेली, रंग उजळणारी ट्यूब काढली. डॉक्टरबाईंनी ती आधी बंद करायला लावली. अशा ट्यूबांनी कातडी पातळ होते आणि वांग उलटे वाढतात, असं त्यांनी सांगितलं. काही आठवडे नुसतं साधं क्रीम आणि सनस्क्रीन. मग त्यांनी एक सौम्य पील दिलं. पील म्हणजे एक पातळ ॲसिड. ते ठरलेला वेळ लावायचं, म्हणजे वरची मेलेली कातडी हळूहळू निघून जाते. आधी त्यांनी त्याचा एक ठिपका बाईंच्या कानामागे लावून दोन दिवस वाट पाहिली. मग पहिल्यांदा स्वतःच्या समोर चेहऱ्याला लावून दाखवलं, आणि मगच बाटली घरी नेऊ दिली.

घरी आल्यावर बाईंनी एक नवं रजिस्टर उघडलं. डॉक्टरबाईंचं सगळं बोलणं त्यांनी लिहून काढलं. पंधरा दिवसांतून एकदाच. तेही संध्याकाळी, म्हणजे नंतर उन्हात जायला नको. डोळ्यांभोवती, ओठांना, नाकपुड्यांच्या कडेला आधी व्हॅसलीन. गार पाण्याचं पातेलं आधीच भरून शेजारी. वयस्कर कातडी पातळ आणि कोरडी असते, भरून यायला वेळ लागतो, म्हणून वेळेच्या वर एक मिनिटही नाही. धुतल्यावर घासायचं नाही, नुसतं टिपायचं. आणि सगळ्यांत शेवटी एक ओळ होती. आग होऊ लागली तर घड्याळाकडे न बघता लगेच धुवायचं.

घरी पहिल्या वेळी दोन मिनिटं ठेवायचं होतं, दुसऱ्या वेळी तीन. दोन्ही वेळा बाई माझ्यासमोरून हलल्या नाहीत. सुरुवात माझ्यावर बघितली, शेवटही माझ्यावरच बघितला. मी पुढे असलो तरी काय बिघडलं? दोन मिनिटं माझीही दोनच मिनिटं असतात. थोडं चुणचुणलं आणि थांबलं. महिनाभरात वांगांच्या कडा मवाळ दिसू लागल्या. बाई आरशात बघून गालावर बोट फिरवायच्या आणि माझी छाती फुगायची. कचऱ्यात जायच्या वयात मला पुन्हा काम मिळालं होतं, आणि तेही असं नाजूक.

तिसरी वेळ आली. सत्काराला तीन आठवडे राहिले होते. या वेळी पाच मिनिटं ठेवायचं होतं. बाईंनी दिवेलागणीला भिंतीवरच्या बुद्धांच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावली, मग मोरीजवळ आल्या. तोंड धुवून टिपलं, व्हॅसलीन लावलं, बोळ्याने पील फिरवलं. माझ्याकडे बघितलं. मी सात वाजून दहा मिनिटं दाखवत होतो. त्यांनी रजिस्टरात सुबक अक्षरात लिहिलं, 'सुरू ७.१०, धुणे ७.१५.' खरी वेळ त्या क्षणी बरोबर सात होती. वजा करायची दहा मिनिटं त्या दिवशी राहून गेली.

तेवढ्यात बाहेरच्या खोलीत मोबाईल वाजला. बाई रजिस्टर हातात घेऊनच गेल्या. मोबाईल गालाला लावता येईना म्हणून त्यांनी तो स्पीकरवर टाकून मांडीवर ठेवला. मोनिका बोलत होती. आवाज मला भिंतीपलीकडून ऐकू येत होता.

"बाई, पाव्हन्यांची नावं कोनत्या नंबरानी घ्यायची? सरपंच पयले का सुपरवायझर मॅडम?"

"जे आधी येत्याल त्ये पयले. तू लई जीवाला लावून घेऊ नको."

"आन फोटूवाल्याला किती वाजता बोलवू?"

बाई मधूनच मोबाईलवरची वेळ बघत, असं त्यांनी नंतर सायलीला सांगितलं. सात वाजून सहा. रजिस्टरात धुवायची वेळ सात पंधरा. म्हणजे अजून वेळ आहे, असं त्यांनी धरलं. मोनिकाच्या बोलण्यात मिनिटं कशी गेली हे त्यांना कळलं नाही. इकडे माझ्यावर सात पंधरा होऊन गेले. सात सतरा झाले. मी माझ्या परीने ओरडत होतो, पण टिकटिकीला कोण विचारतो? माझा गजर लावलेला असता तर घंट्या फुटेपर्यंत वाजलो असतो.

गालांची आग होत होती. ती त्यांना जाणवत नव्हती असं नाही. मोनिकाने विचारलं, "बाई, तुमी कन्हताय का?" त्यावर त्या म्हणाल्या, "काय न्हाई गं. औषिद लावलंय. थोडं झोंबतं. झोंबलं म्हंजी लागू पडलं." तेहतीस वर्षं दुसऱ्यांना सांगितलेलं वाक्य त्या दिवशी त्यांच्यावरच उलटलं. रजिस्टरातली शेवटची ओळ त्यांच्या मांडीवर उघडी पडलेली होती, पण त्यांचं लक्ष वरच्या आकड्याकडे.

मोबाईलवर सात पंधरा झाले तेव्हा त्या मोरीवर आल्या. पाण्यात हात घालता घालता त्यांची नजर माझ्यावर गेली. सात पंचवीस. हात तसाच पाण्यात राहिला. मग त्या माझ्याकडे बघतच राहिल्या, आणि मला वाटलं, मित्रांनो, की आपण आधीच बंद पडायला हवं होतं.

त्यांनी भराभरा पाणी मारलं. गाल लालभडक झाले होते. सवयीने त्यांचा हात हळदीच्या डब्याकडे गेला, पण आधी त्यांनी सायलीला फोन लावला. तेवढी एक गोष्ट त्यांनी फार शहाणपणाची केली.

"आई, हळद लावू नकोस. टूथपेस्ट नको, बर्फ नको, लिंबू तर मुळीच नको," सायली सांगत होती. "नुसतं गार पाणी घाल. दहा-पंधरा मिनिटं घालत राहा. मग व्हॅसलीनचा थर. सकाळी पहिल्या गाडीने इकडे ये."

"सायले, माझ्याच्यानी चूक झाली गं."

"असू दे. पाणी घाल आधी."

पाणी घालून झाल्यावर बाईंनी रजिस्टर ओढलं. 'पाच मिनिटांऐवजी पंधरा. चूक माझी,' असं त्यांनी लिहिलं आणि खाली सही केली. मला ते वाचता आलं आणि मी शरमेने गप्प झालो. म्हणजे टिकटिक चालूच होती, पण आतून गप्प. चूक निम्मी तरी माझी होती.

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत, असं नंतर सायलीने सांगितलं. सावळ्या कातडीला भाजलं की जागा आणखी काळी पडते, म्हणून आता काही महिने पील बंद, असं त्या म्हणाल्या. दिवसातून अनेकदा साधं मलम, बाहेर पडताना सनस्क्रीन आणि छत्री. पापुद्रे सुटले तर ओढायचे नाहीत. आणि शेवटची सूचना बाईंना सगळ्यांत जड गेली. गालावर काहीही घासता कामा नये. पदरसुद्धा नाही.

ते तीन आठवडे मी विसरणार नाही. डावा गाल लवकर निवळला. उजव्या गालाचे पापुद्रे निघाले आणि खाली रुपयाएवढा तपकिरी डाग राहिला, आधीच्या वांगापेक्षा गडद. सत्काराच्या आदल्या दिवशी बाई म्हणाल्या, "मी न्हाई जात. आजारी हाय म्हनून सांग." सायली रजा टाकून आली होती. तिने मोनिकाला फोन लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मोनिका छत्री घेऊन दारात उभी राहिली. उन्हातच उभी राहिली, आत यायला तयार होईना.

"बाई, तुमी येईस्तोवर मी हितंच हुभी हाय," ती म्हणाली.

बाईंनी माझ्याकडे बघितलं. दारात कुणी उन्हात उभं आहे, ही गोष्ट त्यांना सहन होणारी नव्हती. त्यांनी सनस्क्रीन लावलं, नवं लुगडं नेसल्या, पदर खांद्यावर नीट खोचला आणि मोनिकाच्या छत्रीखाली चालू लागल्या.

सत्कार मी पाहिला नाही. पण त्या फोटोची एक लहान प्रत आता माझ्या शेजारी फळीवर आहे. बाई खुर्चीत बसल्या आहेत, मांडीवर मिटलेली छत्री आहे, दोन्ही गाल उघडे आहेत. समोरची एक चिमुरडी सरळ त्यांच्या गालाकडे बघते आहे, आणि बाई तिच्याकडे बघून हसत आहेत. दाताची फट दिसेपर्यंत हसत आहेत. इतक्या वर्षांत त्यांचा असा दुसरा फोटो नाही.

त्या संध्याकाळी सायलीने मला फळीवरून उचललं. "आई, हे भंगारात देऊ. ह्याच्यामुळे झालं सगळं." माझी स्प्रिंग आवळली.

"त्याचं काय चुकलं?" बाई म्हणाल्या. "खोटं बोलाया आपनच त्याला शिकिवलं. ठिव खाली."

मित्रांनो, माझ्या आयुष्यात माझ्यासाठी बोललेलं याहून मोठं वाक्य मी ऐकलेलं नाही. त्या वाक्याच्या उपकारातून मी कधी उतराई होणार नाही.

दुसऱ्या दिवशी बाई मला पिशवीत घालून बाजारपेठेत नूरुद्दीनभाईंकडे घेऊन गेल्या. नूरुद्दीनभाई म्हातारे घड्याळजी. मिस्त्रींचे दोस्त. मी बंद पडलो की त्यांनीच मला साफ केलेलं.

"जयभीम वहिनी. आज काय बिघडलं ह्याचं?"

"बिघडलं काय न्हाई, भाई. ह्याला खरं करायचंय. धा मिंटं मागं घ्या."

नूरुद्दीनभाईंनी मला हातात घेतलं आणि माझ्या काचेवरून अंगठा फिरवला. ही दहा मिनिटं कुणी पुढे केली होती, हे त्यांनाही ठाऊक होतं. "जुनं मशीन हाय, वहिनी. काटे उलटे फिरवायचे न्हाई, दाते दुखत्यात. ह्याला थांबवायचं, आन वेळ येईस्तोवर वाट बघायची. बसा धा मिंटं."

त्यांनी माझी पाठ उघडली आणि चक्राला हलकेच कागदाचा कपटा अडकवला. मी थांबलो. बाई स्टुलावर, दुकानाच्या सावलीत बसल्या. त्यांनी मोबाईल काढला नाही. रजिस्टर नव्हतं. दुकानापुढून बाजार चालला होता, भाजीचे टेम्पो येत होते, ओळखीचे लोक हात करत होते. बाई नुसत्या बसून होत्या. एकदा त्यांनी डोळे पुसले, पण पदराने नाही, हलक्या बोटाने, गालाला न लावता.

"आता माझ्यासाठी दारात कोन हुभं न्हाई, भाई," त्या म्हणाल्या.

"मग घाई कशाची?" नूरुद्दीनभाई म्हणाले आणि कपटा काढून घेतला.

त्या दिवसापासून मी खरी वेळ दाखवतो. चार महिन्यांनी डॉक्टरबाईंनी पुन्हा पील सुरू केलं, पुन्हा एका मिनिटापासून. उजव्या गालाचा डाग आता फिका झाला आहे, वांग निम्मे राहिले आहेत. पूर्ण जायचे नाहीत, असं डॉक्टरबाईंनी सांगून ठेवलं आहे, आणि बाईंची त्याला हरकत नाही. पील लावलं की त्या माझ्यासमोरून हलत नाहीत. फोन वाजला तर वाजू देतात.

मित्रांनो, मला तेल लागतं, रोज किल्ली लागते, अधूनमधून धूळ पुसावी लागते. तुमच्या कातडीलाही तेवढीच माया लागते, आणि ती म्हाताऱ्या माणसांची असली तर थोडी जास्तच. तुमच्या आईने, आजीने असलं काही लावायचं ठरवलं तर आधी डॉक्टरांना विचारा, त्यांच्याजवळ बसा, वेळ एकाच घड्याळावर मोजा. आणि एवढं माझं ऐका, मी घड्याळ असून सांगतो. आग होऊ लागली की घड्याळाकडे बघूच नका. पाणी घाला.

बाई आजही माझ्या गजराने उठतात. उठतात म्हणजे हात लांब करून मला गप्प करतात आणि परत पडून राहतात. मी मोजलं आहे. रोज बरोबर दहा मिनिटं.